साडेतीनचा बर्फ

तळाशीलला जमीन एवढीच:
इकडे समुद्र, तिकडे गड नदी,
मधे माडांची पट्टी, दुमडून शिवलेल्या काठासारखी.
आवाजाला पाय पसरायला जागाच नाही.
तो सरळ माझ्या खिडकीत येतो.

साडेतीनला बर्फाचा टेम्पो
मागे मागे येतो,
आणि मागे येताना एक धून केकाटतो.
अर्धीच.
ड्रायव्हरने गिअर बदलला की तुटते.
उरलेली अर्धी मी मनातल्या मनात जुळवायला जाते
आणि तिथेच झोप मोडते.

मग लादी फळीवरून घसरते,
वाळूत धप्प.
मग बाबल रेवंडकरचं दांडकं.
गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फावर तो असा हाणतो
जणू बर्फाने त्याचे पैसे बुडवलेत.
एक.
दोन.
तिसरा घाव मी श्वास धरून ऐकते.
चौथा येत नाही.
चौथ्याची वाट बघत मी पडून राहते
उजाडेपर्यंत.

कापूस घालून पाहिला कानांत.
आत माझंच रक्त वाजायला लागलं, भरतीसारखं.
खिडकीला दुहेरी अस्तराचा पडदा शिवला,
गिऱ्हाइकाला सांगितला असता तर चारशे घेतले असते.
आवाज टाक्यांच्या भोकांतून आला.
खाट फिरवली.
उत्तरेला डोकं करू नये म्हणतात, तेही केलं,
तर रेवंडकरांचा पाण्याचा पंप नेमका उशाशी,
साडेचारला, दाब चांगला असतो म्हणून.

एका पहाटे उठलेच.
गाऊनवर टॉवेल टाकला, बॅटरी घेतली,
वाळू पायाला थंड लागत होती.
वाक्य तयार होतं, वाटेत चारदा घोकलेलं:
बाबलदा, माणसां निजतत हंय.

त्याने मान वर केली नाही.
"ब्लाऊज झाले काय गो आचऱ्याचे?
काल एक वाजापर्यंत मशीन चालू होता तुझा."

माझं वाक्य तोंडातच राहिलं, टाचणीसारखं.

जयमाला डबा भरत होती. हसत नव्हती,
रागावलेलीही नव्हती.
"तुझा मशीन बंद झाला काय ह्येंचो डोळो लागता.
आनि डोळो लागलो काय टेम्पो येता."

एक ते साडेतीन.
म्हणजे अडीच तासांचं कापड,
त्यात दोन घरांची रात्र बसवायची.
आडवं ठेवा, उभं ठेवा,
बाही निघत नाही.

त्यांचा दिवा गेला होता.
मी बॅटरी बर्फावर धरून उभी राहिले,
आता आलेच होते तर काहीतरी करायला हवं म्हणून.
उजेडात तुकडे उडत होते,
एक माझ्या पायावर पडला.
तो उचलून मी पापण्यांवर धरला,
आधी डाव्या, मग उजव्या.
"घरी ने वायच," बाबल म्हणाला,
आणि खरंच ओंजळभर दिला.

त्यानंतर मशीनच्या पायांखाली
चिंध्यांच्या चार गाद्या घातल्यात.
लग्नसराई नसेल तर साडेबाराला थांबते.
अर्धा तास.
बाबलला तो कळला की नाही, ठाऊक नाही.
त्याचं दांडकं होतं तसंच आहे,
बर्फ हळू फोडता येत नाही.

हातशिलाई मी आता पहाटेवर ठेवलीय:
हुक, काज, साडीचे फॉल.
एक घाव, एक टाका.
दुसरा.
तिसरा.
चौथा येत नाही तेवढ्यात
मी दातांनी दोरा तोडते.

झोप दुपारी काढते.
दुपारी त्यांचा कोंबडा आरवतो, अगदी घसा ताणून,
पण त्याचं कुणी मनावर घेत नाही.

टेम्पोवाल्याला मात्र एकदा गाठायचंय.
त्या धुनेचं पुढे काय होतं,
एवढंच विचारायचंय.